मडक्यातला पावसाळा

"ते टक्के राहू द्या मॅडम. पाऊस हाय का न्हाई, तेवढं सांगा!"

तात्या उठून उभेच राहिले. म्हसवडजवळच्या एका गावात, देवळाच्या मंडपात माझी मीटिंग चालली होती. मी शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला देते. त्या दिवशी हंगामी अंदाज सांगायचा होता. अमुक दिवशी पाऊस पडेल, असं हा अंदाज सांगत नाही. अख्ख्या पावसाळ्यात सरासरीहून कमी पडेल की जास्त, याची फक्त शक्यता सांगतो. यंदा कमी पडण्याची शक्यता साठ टक्के होती.

तात्यांना सगळ्या रानात कांदा लावायचा होता. त्यांच्या बायकोला, हिराकाकूंना, बाजरी हवी होती. पाऊस कमी झाला तर कांदा हातचा जाणार, आणि मेंढरांना वैरणही नाही.

माझ्या स्लाइड्स बघून लोक जांभया द्यायला लागले. मी लॅपटॉप मिटला आणि मडकं काढलं. त्यात सहा काळ्या गोट्या टाकल्या, चार पांढऱ्या. काळी म्हणजे कमी पाऊस, पांढरी म्हणजे चांगला.

"तात्या, न बघता एक काढा."

पांढरी निघाली!

तात्यांनी उडीच मारली. "पडतोय गड्या, पाऊस पडतोय!" कुणीतरी देवळाची घंटा बडवली. आता गावभर कांदा लागणार, तोही माझ्या मडक्यामुळं.

"आवं, एकदा काढून काय कळतंय?" काकू पुढं आल्या. "टाका ती परत. मी काढते."

काळी. पुन्हा काळी. मग पांढरी. मग रांगच लागली. काळीला बायका ओरडायच्या, पांढरीला तात्यांची पार्टी. तेवढ्यात आमचे साहेब आले.

"मॅडम, ट्रेनिंग आहे की जत्रा?"

"सर, तुम्हीपण एक काढा ना."

काळी निघाली. बायकांनी टाळ्या पिटल्या. साहेब हळूच म्हणाले, "अजून एक काढू?"

शेवटी तात्याच म्हणाले, "म्हंजी काळ्या जास्त हायती, पर पांढरी निघणारच न्हाई, आसंबी न्हाई. निम्मा कांदा, निम्मी बाजरी!"

"लगीन झाल्यापास्नं पैल्यांदा माझं निम्मं ऐकलं!" काकू म्हणाल्या. मंडप हसून लोळला.

त्या वर्षी पाऊस छान झाला. मी गावाकडं फिरकायचं टाळत होते. मग काकूंचाच फोन आला, "कांदा बघाय या की!" गेले. शिव्या कुणीच दिल्या नाहीत. "सगळाच कांदा लावाय पायजे व्हता," तात्या म्हणाले. काकूंनी त्यांच्या ताटात निम्म्या रानातल्या बाजरीची गरम भाकरी टाकली. त्यांनी आणखी एक मागून घेतली.

अंदाज चुकू शकतो, हे आधी सांगावं. नंतर सांगितलं की ती सबब होते.