पोह्यांतला कढीपत्ता

चोपड्याची माणसं मला बघायला यायची होती, त्या आठवड्यात मी मागच्या दारी बसून एका फुलपाखराकडे बघत होते. वडील वरणगावला फॅक्टरीत, म्हणून आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. मागं हातभर अंगण. त्यात सदाफुली, पेरू, तुळस आणि आईचा लाडका कढीपत्ता.

फुलपाखरू काळं, पिवळ्या ठिपक्यांचं. पेरूच्या पानावर टेकलं न टेकलं, उडालं. तुळशीवर टेकलं, उडालं. सदाफुलीच्या फुलांकडे तर ढुंकूनही बघेना. कढीपत्त्यावर मात्र थांबलं. पुढच्या पायांनी पान भराभर बडवलं, पोटाचं टोक वाकवलं आणि राजगिऱ्याच्या दाण्याएवढं पिवळसर अंडं ठेवून दुसऱ्या डहाळीकडे गेलं. तिथंही तेच. जून पानं सोडून कोवळ्या शेंड्यावर एक अंडं. कॉलेजात बाईंनी शिकवलं होतं, की मादी वासावरून झाडाचा माग काढते आणि पायांनी पानाची चव घेते. आपल्या अळ्यांना जे पचेल त्याच पानावर अंडं घालते. मला तिचं कौतुक वाटलं. तोवर बऱ्याच जणांचं मला बघून झालं होतं. ती माणसं चहा पिऊन, चिवडा खाऊन जायची आणि मग पत्रिका जुळायची नाही. ही बाई निदान चाखून तरी बघते, असं मनात आलं.

चोपड्याची माणसं आली त्या दिवशी शेजारच्या अक्कांनी माझ्या तोंडाला एवढी पावडर थापली, की मान दुसऱ्याच कुणाची वाटत होती. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. मुलाच्या आईनं मला दारापर्यंत चालायला लावलं. वेणी पुढं घ्यायला सांगितली. माझा हात हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मुलगा शाळामास्तर होता. तो काही विचारेना, नुसता खाली बघत होता. मला वाटलं, याला माझी लाज कळतेय. आणि तेवढ्यावर मला तो आवडून गेला. कधी नव्हे ते मनापासून वाटलं, इथं जमावं. पण असलं कुणाला सांगायची तेव्हा सोय नव्हती.

ते गेल्यावर मी बशा उचलल्या. पोहे खाताना कढीपत्ता आपण सगळेच काढून कडेला ठेवतो. त्याच्या बशीतही ठेवलेला होता, अगदी नीट, एकावर एक. वरचं पान उचललं तर खाली फोडणीत तळलेली अळी. पांढरट पट्टा असलेली, पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी. मी लगेच ओळखली.

एरवी कढीपत्ता मी तोडायची. कुठल्या डहाळीवर काय आहे ते मला पाठ होतं. त्या दिवशी मी साडीत अडकले होते, म्हणून आई गेली. पाहुण्यांसाठी म्हणून तिनं झाडाची सगळ्यांत कोवळी पानं खुडली. फुलपाखरानंही तीच पसंत केली होती. मी बशी मोरीत पालथी घातली आणि पाणी सोडून रडले. आईला काही बोलले नाही.

पण बशीत पोह्याचा कणही उरला नव्हता. त्यानं अळी बघितली, पानाखाली झाकली, उरलेले पोहे संपवले आणि चकार शब्द काढला नाही. निरोप येईपर्यंत मी त्या झाकलेल्या पानावर जगले. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, सारखं तेच आठवायचं. असा माणूस मिळाला तर आपलं सोनं होईल, असं वाटायचं. देवाला एवढंच म्हणायची, नकार यायचाच असेल तर त्या अळीपायी येऊ दे. स्वयंपाकात पुढं काळजी घेता येते, रूपाचं काय करणार?

मग लग्न जुळवणारे नाना आले. पाणी पिऊन झाल्यावर वडिलांना आपल्या अहिराणी वळणात म्हणाले, "पोर गुणी शे, घर चांगलं शे, बठ्ठं चांगलं शे. पण पोर काळी शे, असं मुलाची आई म्हणते. पोहे मात्र छान होते म्हणाली."

आई दाराआडून म्हणाली, "आणि मुलगा काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? आईपुढं बोलत नाही तो. आम्ही सगळे होतो तिथं, विचारलं पण. खाली मान घालून बसला."

मी आत कपबशा विसळत होते. ते ऐकलं आणि मला त्या अळीच्या दिवसापेक्षा जास्त लाज वाटली. अळीवर जो गप्प बसला, तोच माझ्यावरही गप्प बसला. आणि त्याच्या त्या गप्प बसण्यावरच मी इतके दिवस जीव टाकला होता.