दुरुस्तीसाठी परत पाठवलेला दादाचा लेख

निवृत्त झाले तेव्हा ऑफिसनं मला शाल दिली, आणि ऑफिसची खोड मी आपणहून घरी आणली. इतकी वर्षं एका मोठ्या कंपनीची वेबसाइट सांभाळली होती. तिथं असायची तसलीच एक अगडबंब सिस्टिम, फुकट मिळणारी, मी आमच्या गावच्या विहाराच्या वेबसाइटला लावली. गाव लोधिवलीजवळ, मी नेरळच्या फ्लॅटमध्ये एकटी. साइटवर यायचं काय, तर जुने फोटो आणि गावातल्या माणसांच्या आठवणी. एका माणसाच्या पेजेसाठी लग्नातला टोप चुलीवर चढवावा, तसला प्रकार.

आणि ठेवलं कुठं? सगळ्यात स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर. म्हणजे एकाच सर्व्हरवर शेकडो साइटी, चाळीच्या नळावर हंडे लावल्यासारख्या. कुणी जास्त ओढलं की होस्टिंगवाले त्याचीच तोटी आवळतात. त्यांचा माणूस फोनवर म्हणालाही, "मॅडम, एवढं जड इथं नाही चालायचं. साधं काहीतरी टाका ना." मी म्हटलं, "मला शिकवू नका." झालं, फोन ठेवला.

त्याच्यावर कडी म्हणजे मंजुरीची पद्धत. गावकऱ्यांनी लिहायचं, मी तपासायचं, मी 'मंजूर' म्हटल्यावरच ते साइटवर दिसायचं. गावात बऱ्याच जणांना लॉगिन दिलं. लिहिलं फक्त दादानं, माझ्या थोरल्या भावानं. मोबाइलवर एका बोटानं टाइप करून. आमच्या वडिलांनी विहारासाठी बुद्धमूर्ती पुण्याहून टेंपोतून आणली, त्या दिवसाबद्दल.

लेख चांगला होता. वाचताना मला सगळं आठवलं, घाट उतरल्यावर शिळफाट्याला थांबून प्यायलेला चहासुद्धा. पण तपासायला बसलं की माझ्या अंगात ऑफिस येतं. शेरा मारला, 'साल नाही. संदर्भ द्या. दुरुस्तीसाठी परत.' सख्ख्या भावाला! एक फोन करून 'छान लिहिलंस रे' म्हणायला माझं काय जात होतं?

लेख परत आला नाही. मला वाटलं, रुसला. रुसू दे म्हटलं. तो फोन करेना, मीही करेना. हट्ट वडिलांनी दोघांनाही सारखाच वाटून दिला होता. आमच्या इमारतीत बहुतेक शनिवार-रविवारची माणसं. बाकी दिवस मजल्यावर मी एकटी. दुपारी फोन वाजला की पळत जायचे, तर कुणीतरी कर्ज घ्या म्हणून सांगत असायचं. पावसाळा असाच गेला. मग एका सकाळी वहिनीचा फोन आला. दादा गेला. झोपेतच.

महिन्याभरानं होस्टिंगवाल्यांनी कळवलं, तुमची साइट सर्व्हरला फार जड होते, दुसरीकडे हलवा. साध्या सिस्टिमवर न्यायची तर मंजूर झालेलंच पुढं जाणार होतं, अर्धवट राहिलेलं पुसलं जाणार होतं. दादाचा लेख तेवढा वाचवावा म्हणून भरदुपारी बसले.

तो 'परत पाठवलेले' मध्ये नव्हताच. 'तपासणी बाकी' मध्ये होता. माझ्या शेऱ्यानंतर दोनच दिवसांत त्यानं तो दुरुस्त करून धाडला होता. नवं काही आलं की मला ईमेल यायला हवं होतं. पण भार कमी करायला होस्टिंगवाल्यांनी माझ्या साइटची आपोआप चालणारी जी कामं बंद केली, त्यात ते ईमेलही बंद पडलं होतं. तसं त्यांनी मला कळवलंही होतं. मी शहाणी, वाचलं कुठं? आणि कोण लिहितंय म्हणून आत डोकावलेही नाही.

लेखात त्यानं साल घातलं होतं. खाली लिहिलं होतं, 'संदर्भ: तू. टेंपोत मूर्ती मांडीशी धरून तूच बसली होतीस गं. घाटात तुला उलटी झाली, तरी मूर्ती सोडली नाहीस.'

मी मोठ्यानं रडले. मजल्यावर ऐकायला कुणी नव्हतं. मग वहिनीला फोन लावला. विचारलं, दादा त्या लेखाबद्दल कधी काही बोलला का?

"रोज मोबाइल उघडून बघायचे," ती म्हणाली. "मी म्हनायचे, आवो, फोन करा ना बहिनीला. तर हे म्हनायचे, नको गं, तिला घाई नको. नीट वाचत आसंल ती."