गजाला खोबरेल तेल

व्हायोलिनच्या गजाला खोबरेल तेल लावू नये, असं संगीताच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. हे आमच्या आईचं म्हणणं, आणि शेवटपर्यंत ते कोणी खोडून काढू शकलं नाही.

लढाईचे दिवस होते. बाबा फॅक्टरीत फिटर, डबल शिफ्ट करून राहिले होते. खिडक्यांना काळे कागद. आई जवानांसाठी स्वेटर विणायची (पहिल्या स्वेटरची एक बाही जवानाच्या मापाची, दुसरी त्याच्या पोराच्या!). मी बावीस वर्षांची, आणि माझी लढाई वेगळीच. व्हायोलिन हे आपलंच वाद्य आहे, हे मला जगाला पटवायचं होतं. जग म्हणजे शुक्लाजी, संगीत विद्यालयाचे प्राचार्य.

"बिटिया, ये तो बैंडवालों का बाजा है," ते म्हणायचे. "और कितना चीं-चीं करता है! बगल में मेरी गायन की क्लास है."

वर्षभर त्यांच्या दाराशी खेटे घातले. शेवटी कंटाळून म्हणाले, "चलो, जवानों के कार्यक्रम में बजाओ. जम गया तो क्लास तुम्हारी." आणि नाही जमलं तर? तर बाबांनी फॅक्टरीत टायपिस्टच्या जागेसाठी माझा अर्ज भरून ठेवलाच होता. त्या अर्जाकडे पाहिलं की मला रडू यायचं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी घरातही प्रचार केला. "आई, गजाला हे खरे घोड्याचे केस असतात. केसांसारखीच निगा राखावी लागते त्यांची!" (हे माझंच वाक्य. कोर्टात उभं केलं असतं तरी नाकारता आलं नसतं.) एवढं बोलून मी माझी मैत्रीण शीला हिच्याकडे गेले. ती तानपुऱ्यावर बसणार होती, आणि मला तिच्यासमोर वाजवण्याआधीचं भाषण पाठ करायचं होतं.

मागे घरात काय झालं, ते आईबाबांनी नंतर कबूल केलं. बाबांनी पेटी उघडली. "खुंट्या किती टाइट! फिरणारी वस्तू अशी कोरडी ठेवतात काय?" फॅक्टरीत जे फिरतं त्याला ग्रीस लागतं. चारही खुंट्यांना लागलं!

तोवर आईनं गज उचलला. "अहो, पाहा तर, केवढा कोंडा झालाय यात!"

तो कोंडा नव्हता हो! ती राळ होती. राळ घासली तरच केस तारेला धरतात आणि सूर निघतो. आईनं शिकेकाईनं गज धुतला, उन्हात वाळवला आणि वर खोबरेल चोपडलं.

"कोमट करून लावलं ना?" बाबांनी विचारलं म्हणे.

ब्लॅकआउटमुळे कार्यक्रम दुपारी तीनला होता, कमानिया गेटजवळच्या एका हॉलमध्ये. हॉलभर फॅक्टरीचीच माणसं, आणि पुढच्या रांगेत बडे साहेब. मी पडद्यामागे बोटानं तारा छेडून सूर मिळवला. खुंट्या लोण्यासारख्या फिरून राहिल्या होत्या. मला वाटलं, शुभशकुन! गजाला मात्र मी हातही लावला नाही, कारण भाषण आठवत होते.

भाषण झकास झालं. "वायलिन इंसान के गले जैसा गाता है. अब आप खुद सुनिए!"

शुक्लाजींनी माइकवर पुस्ती जोडली, "कुसुम जी की ओर से वीर जवानों को श्रद्धांजलि!"

मी डोळे मिटले आणि गज ओढला. काहीच नाही. पुन्हा ओढला. काहीच नाही. खोबरेलाचा वास तेवढा आला. मला वाटलं, पुढच्या रांगेतल्या बायकांचा असेल.

"काहून गं? सुरू कर ना!" शीला कुजबुजली.

"सुरूच आहे!"

"मग ऐकू काहून नाही येऊन राहिलं?"

"मलाच नाही येऊन राहिलं!"

शीलाला वाटलं, तानपुराच मोठा होतोय. तिनं तारांवर हात ठेवला. आता तर हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पडली नाही.

तेवढ्यात बडे साहेब उभे राहिले. श्रद्धांजली म्हटलं, आणि पाठोपाठ एवढी शांतता! त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली. साहेब उभे म्हटल्यावर फॅक्टरीत बसून कोण राहतो? सगळा हॉल उभा राहिला. शीलासुद्धा!

मला वाटलं, लोक निघाले. पण कोणी जाईना. आणि माणसं उभी असताना मी थांबू तरी कशी? मी जीव खाऊन गज ओढत राहिले. मी जितका जोर लावावा, तितक्या त्यांच्या माना खाली!

खरी पंचाईत पुढेच होती. फॅक्टरीत मौन भोंग्यावर सुरू होतं आणि भोंग्यावरच संपतं. इथे भोंगा वाजवणार कोण? दोन मिनिटं झाली, पाच झाली. बाबा घड्याळ पाहू लागले. एक म्हातारे भिंतीला टेकले.

"अरे भैया, भोंपू कब बजेगा?"

"मैडम के हाथ में है शायद!"

मॅडमच्या डोळ्यांसमोर टाइपरायटर नाचत होता. तेवढ्यात बाबांचं ग्रीस पावलं! खुंटी सुटली, तार टणकन् ढिली पडली. तोच भोंगा समजून साहेबांनी टोपी घातली. हॉल हुश्श करून बसला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

शुक्लाजी डोळे पुसत आले. "बेटी, मैं गलत था. इतना शांत वाद्य! गायन के बगल में यही चाहिए. सोमवार से क्लास शुरू करो."

"जी, असल में..."

"कुछ मत कहो!" म्हणत त्यांनी तिथेच माझ्या नेमणुकीच्या कागदावर सही केली.

खालून आईचा आवाज आला, "कुसुम, गजाचे केस कसे मऊ झाले न?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण सही झाली होती. मी तोंड मिटून कागद पदरात लपवला.

सोमवारी सात मुलींनी एकदम गज ओढले. शुक्लाजी कानांवर हात ठेवून धावत आले. पण सही ती सही! त्या वर्गात मी पस्तीस वर्षं शिकवलं. गावोगावी मैफली केल्या, टाळ्याही पुष्कळ मिळाल्या. पण अख्खं सभागृह माझ्यासाठी उभं राहिलं ते एकदाच, आणि त्या दिवशी मी एकही सूर वाजवला नव्हता!