कंट्रोलची प्लेट चोख्खी होती

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पहिल्या प्रॅक्टिकलला एकच गोष्ट सांगते: तुमचं मत चपलांबरोबर प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढून ठेवा. पंचवीस वर्षं हेच वाक्य. मुलं मागच्या बाकावरून त्याची नक्कलही करतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आमच्या खात्यात कुणाला लागू पडत असेल तर ती मला.

त्या वर्षी आमच्या बडोद्यात उत्तरायण, म्हणजे संक्रांत, झाल्यावर पिण्याच्या पाण्याचं प्रॅक्टिकल होतं. प्रत्येकाने घरच्या नळाचं पाणी आणायचं. जंतूंचं खाद्य ओतलेल्या काचेच्या प्लेटी दोन. एकीवर घरचं पाणी पसरायचं, दुसरीवर निर्जंतुक केलेलं. ही दुसरी म्हणजे कंट्रोल. दुसऱ्या दिवशी घरच्या पाण्याच्या प्लेटीत जंतू वाढलेले दिसले, तर आधी कंट्रोल बघायची. तीही बिघडली असेल तर काम करणाऱ्याचा हात चुकला. ती स्वच्छ असेल तर दोष पाण्यात. शाळकरी पोरालाही कळेल इतकं सोपं आहे हे.

वर्गात घडियाळी पोळातली एक मराठी मुलगी होती. आमच्याच गल्लीतली, चार दारं सोडून राहणारी. तिने प्लेट माझ्यासमोर धरली तेव्हा ती गुलाबी ठिपक्यांनी गच्च भरली होती. तो गुलाबी रंग मी ओळखते. माणसाच्या आतड्यातले जंतू तसे उठतात. गटाराचं पाणी कुठेतरी मिसळल्याशिवाय ते नळात येत नाहीत.

"काचेची दांडी ज्योतीत धरली होतीस का?" मी विचारलं.

"हो मॅडम. आणि कंट्रोल तर एकदम चोख्खी आहे ने."

तिने दुसरी प्लेट उजेडात धरली. चोख्खीच होती. मी ती पाहिली, आणि म्हटलं, "परत कर."

का म्हटलं? कारण पाणी आमच्या गल्लीचं होतं. आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांना बडोद्याच्या पाण्याचा भारी अभिमान. माझ्या सासऱ्यांचे आजोबा संस्थानी राजवटीत कारकून होते, पण शहराचे नळ त्यांनीच स्वतःच्या हातांनी टाकले अशा थाटात आम्ही बोलतो. शेजारीपाजारी फिल्टर आले; आमच्याकडे अजून दुपदरी फडकं आणि तांब्याचा हंडा. नाक्यावर केबलसाठी रस्ता खोदून ठेवला होता. सकाळी नळ आधी खोकायचा, मग गढूळ यायचा, मग स्वच्छ. मी दोन मिनिटं पाणी सोडून द्यायची आणि हंडा भरायची.

आणि त्या हंड्यातलं पाणी माझी लेक पीत होती. सातवा महिना लागला होता, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सासरच्या मशीनच्या पाण्याला चवच नाही म्हणायची. मला ते ऐकून बरं वाटायचं.

मुलीने प्रयोग परत केला. पुन्हा तेच गुलाबी ठिपके, पुन्हा कंट्रोल स्वच्छ. माझा पारा चढला. सगळ्या वर्गासमोर मी तिचे हात उलटेपालटे करून नखं तपासली. ती खाली मान घालून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे पण हेच पाणी येतं. तुम्ही उकळता ने?"

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. "रिझल्ट नीट आल्याशिवाय जर्नलवर सही मिळणार नाही."

आमच्याकडे सहीशिवाय जर्नल पुरं होत नाही आणि जर्नलशिवाय परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे आदल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलातून रिझल्ट उतरवायची जुनी वहिवाट आहे, आणि ती आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी तिने जर्नल आणलं. 'जंतूंची वाढ आढळली नाही. निष्कर्ष: पाणी पिण्यायोग्य.' तिसऱ्यांदा प्लेटी ठेवल्याच नव्हत्या, हे मला कळत होतं. मी लाल शाईने सही केली.

त्या संध्याकाळी मी घरी पातेलंभर पाणी गॅसवर चढवलं होतं. यजमानांनी विचारलं, "हे कशाला?" मला सांगायची लाज वाटली. मी गॅस बंद केला. आजही मला सगळ्यात जास्त त्या बंद केलेल्या गॅसचा राग येतो.

महिन्याभराने समोरच्या घरातल्या काकांना कावीळ झाली. मग कोपऱ्यावरच्या घरात दोघांना. तेव्हा कुठे मी पाणी उकळायला लागले. चार दिवसांनी लेक म्हणाली, "आई, फोडणीच्या वासानेच मळमळतंय." मी तिला खिडकीपाशी नेलं आणि पापणी खाली ओढली. डोळा हळदीसारखा पिवळा होता.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "पाणी कुठलं पिता?" पोटुशी बाईला ही कावीळ जिवावर बेतते, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती. अकरा दिवस ती इस्पितळात होती. ती परत आली. बाळ आलं नाही.

पुढे रस्ता पुन्हा खोदला तेव्हा गटाराची आणि पाण्याची लाइन एकमेकींत फुटलेली सापडली. त्या मुलीच्या घरी कुणालाच काही झालं नाही. पहिली प्लेट पाहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे पाणी उकळत होतं.

घरी आणल्यावर लेकीने मला एकदाच विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता. "आई, तू तर हेच शिकवतेस. तुला आधी काहीच कळलं नव्हतं का?"

"नाही गं," मी म्हटलं. "कसं कळणार?"

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. परीक्षेनंतर खात्यात जमा झालेलं ते जर्नल आता माझ्या कपाटात आहे, पानावर माझी लाल सही आहे, आणि मी हे लिहिते आहे कारण तोंडाने तिला सांगायचं धैर्य माझ्यात अजून नाही.