मरोळ गावठाणातली एकशे चाळीस गाणी

मरोळच्या गावठाणात रिचर्ड मिस्कीटाला सगळे ‘कॉम्प्युटरवाला रिचर्ड’ म्हणत. अंधेरीच्या एका कंपनीत तो बावीस वर्षं होता. बँकांच्या, कारखान्यांच्या सिस्टिममध्ये बाहेरून कोणी घुसतंय का, यावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. घुसणारे रोज नवी युक्ती काढत आणि रिचर्डची माणसं रोज नवा बंदोबस्त करत. त्यामुळे गावठाणाच्या मंडळाने जुनी लग्नगाणी जपायचं ठरवलं, तेव्हा कॉम्प्युटरचं काम आपसूकच त्याच्या गळ्यात पडलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवर उंबराच्या पाण्याला, म्हणजे नवरानवरीच्या आंघोळीचं पाणी आणायला, जाताना बायका म्हणत ती गाणी, मांडवातली गाणी, नवरीला चिडवायची गाणी. नऊ वर्षांत एकशे चाळीस जमली. त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या रोझमेरी आंटीच्या आवाजात. घुमटावर, त्या मडक्यासारख्या वाद्यावर, थाप पडली की तिचा आवाज चार गल्ल्या ओलांडून जायचा. ती गेली त्याला आता चार वर्षं झाली होती. तिचे यजमान जॉनी अंकल मंडळाचे चिटणीस. वय अठ्ठ्याहत्तर. दर बुधवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत बसून ते तिचं एक गाणं ऐकत.

“एकच?” रिचर्डने एकदा विचारलं होतं.

“जास्त ऐकलं की मग घरी जाववत नाही रे.”

गाण्यांची दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर होती. प्रत काढली की डिस्क काढून कपाटात ठेवायची, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये कोणी घुसलं तरी ती वाचेल, हे रिचर्डने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण अंकलचे हात थरथरत, वायर नीट बसत नसे. “लावूनच ठेवू का रे?” त्यांनी विचारलं. रिचर्डला कळत होतं. याच चुकीसाठी तो ऑफिसात मोठमोठ्या साहेबांना सुनवायचा. तरी तो म्हणाला, “राहू दे. पुढच्या महिन्यात मी दुसरी आणतो.” तो पुढचा महिना दीड वर्षं आलाच नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मंडळाच्या मेलवर लग्नाची पत्रिका आली. गावठाणातल्या माणसाने लग्नाची पत्रिका उघडायची नाही तर काय करायचं? अंकलनी उघडली. काहीच दिसलं नाही, म्हणून ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, गाणं लावायला बसले तर प्रत्येक गाण्याच्या नावापुढे भलतीच अक्षरं, आणि पडद्यावर धमकी: गाणी परत हवी असतील तर खंडणी भरा.

रिचर्ड धावत आला. त्याने आधी डिस्कची वायर उपटली. पण डिस्कवरचीही सगळी गाणी कुलूपबंद झाली होती.

दहा दिवस तो आणि त्याच्या हाताखालची श्रुतिका झटत राहिले. शेवटी ती म्हणाली, “सर, ही व्हायरसची नवीन जात आहे. हिची किल्ली कोणाकडेच नाही.” पोलिसांत तक्रार झाली. खंडणी द्यायची नाही असं मंडळाने ठरवलं. दिली तरी गाणी मिळतीलच असं नाही, हे रिचर्डनेच सांगितलं.

पण त्या बैठकीत बोट मात्र अंकलकडे वळलं. “अंकल, बघून तरी उघडायचं ना! वाट लावली सगळ्याची.” रिचर्ड फरशीकडे बघत बसला. खोटं तो काहीच बोलला नाही. त्याला कोणी विचारलं नाही, आणि तो आपणहून बोलला नाही. अंकलनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. त्यानंतर ते चर्चमध्ये मिस्सालासुद्धा मागच्या बाकावर बसून, कोणाशी न बोलता घरी जाऊ लागले.

तीन आठवड्यांनंतर एका रविवारी रिचर्ड अंकलच्या ओट्यावर जाऊन बसला.

“अंकल, चूक माझी आहे. पत्रिका कोणीही उघडली असती. ती डिस्क कपाटात असती तर गाणी वाचली असती. मला माहीत होतं, तरी मी लावून ठेवू दिली.”

अंकलनी विचारलं, “मग त्या दिवशी बोलला का नाहीस?”

“लाज वाटली.”

“मला पण वाटली रे,” अंकल म्हणाले. “मी मात्र सगळ्यांसमोर बसलो होतो.”

पुढच्या बैठकीत रिचर्डने उभं राहून सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. दोघांतिघांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मग त्याने घरोघरी जाऊन जुने मोबाइल, लग्नाच्या सीडी गोळा केल्या. तेवीस गाणी सापडली. रोझमेरी आंटी त्यांत कोरसात होती, पण तिचा आवाज वेगळा काढता येत नव्हता.

उरलेली निदान लिहून घ्यावीत म्हणून तो पुन्हा अंकलकडे गेला. “मी म्हणून बघतो,” अंकल म्हणाले. रिचर्डने रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिली ओळ आली, दुसरी आली, मग अंकल अडखळले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले.

“शब्द येतायत रे,” ते म्हणाले. “चाल तिच्याबरोबर गेली.”

रिचर्ड रेकॉर्डिंग बंद करायला गेला. अंकलनी त्याचा हात धरला आणि गाण्याचे शब्द, चालीशिवाय, एकेक करून सांगायला सुरुवात केली.