महाराष्ट्र श्वेताला मिळाला

श्वेताने चिठ्ठी उघडली आणि हसत म्हणाली, "महाराष्ट्र." स्टाफरूममधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या चिठ्ठीत आसाम होता.

आमच्या बनारसच्या शाळेत दर वर्षी राज्य सप्ताह असतो. तिसरीच्या प्रत्येक वर्गाला एक राज्य मिळतं. आठवडाभर त्या राज्यावरची चित्रांची पुस्तकं वाचायची, हातांनी काहीतरी करायचं आणि शनिवारी वर्गाबाहेर टेबल मांडायचं. यंदा त्यात आणखी एक गोष्ट होती. लायब्ररीच्या मॅडम रिटायर होत होत्या. जिचं टेबल मनात भरेल तिच्याकडे लायब्ररी देईन, असं प्रिन्सिपल मॅडमनी जाहीर केलं होतं.

मला ती हवी होती. मी परभणीकडच्या एका लहान गावात शिकले. शाळेत पुस्तकांचं एकच कपाट होतं आणि किल्ली हेडसरांकडे असायची. सर मला ती रविवारीसुद्धा द्यायचे. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, आणि त्याचं निम्मं श्रेय मी त्या कपाटाला देते. लग्नानंतर नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमुळे इकडे आले. पुस्तकांची अख्खी खोली माझ्या ताब्यात येण्याची ही पहिलीच संधी होती.

मी मॅडमकडे जाऊन राज्यांची अदलाबदल मागितली.

"सुनंदाजी, आपको तो सब आता है," त्या म्हणाल्या. "आप बोलती जाएँगी, बच्चे सुनते जाएँगे. श्वेता को ढूँढना पड़ेगा."

म्हणजे मला येतं, हीच माझी अडचण. श्वेता इथेच वाढलेली, महाराष्ट्रात कधी पाऊल न टाकलेली. निदान विचारायला तरी माझ्याकडे येईल, असं मला वाटलं. काय काय सांगायचं ते मी मनात जुळवूनही ठेवलं. ती आलीच नाही.

तिच्या वर्गात गौरी नावाची मुलगी आहे. तिचं घर ब्रह्मा घाटावर. कुटुंब मराठी, पण कित्येक पिढ्या बनारसमध्ये. श्वेता अख्ख्या वर्गाला घेऊन गौरीच्या घरी गेली. गौरीच्या आत्याने मुलांसमोर पुरणपोळी लाटली. मग सगळे पेशव्यांच्या काळातल्या बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसले आणि श्वेताने तिथे पुस्तक वाचलं. परत आल्यावर त्यांचा गलका भिंतीपलीकडून मला ऐकू येत होता. माझी मुलं विचारत होती, मिस, आपण कधी जाणार? आसाम लांब आहे, असं मी सांगितलं.

रागाच्या भरात मी आसामवर जीव तोडून काम केलं. आमच्याकडे रीड अलाउड नावाची पद्धत आहे. शिक्षक मोठ्या चित्रांचं पुस्तक मुलांकडे वळवून धरतो, वाचतो आणि मध्ये थांबून मुलांना बोलू देतो. पुस्तकात ब्रह्मपुत्रेकाठचं, खांबांवर उभं असलेलं बांबूचं घर होतं. आम्ही ते आईस्क्रीमच्या काड्यांचं केलं, टबात ठेवलं आणि पाणी ओतत गेलो. गंगा चढली की घाट कसे बुडतात, हे या मुलांना सांगावं लागत नाही. झोया नावाच्या मुलीने विचारलं, बकऱ्यांनाही वर घेतात का? मी उत्तर शोधून काढलं आणि शुक्रवारी सगळ्यांकडून सगळी उत्तरं पाठ करून घेतली. टेबल सुरेख झालं होतं, हे मी आजही म्हणते.

शनिवारी मॅडम यायच्या आधी मी श्वेताचं टेबल बघायला गेले. मातीचे घाट, कागदी नऊवारीतल्या बाहुल्या, कागदाच्या ताटांत पुरणपोळी, वरणभात, श्रीखंड. मी सावकाश चूक शोधत होते आणि ती मला सापडली.

"दीदी, देख लीजिए," श्वेता म्हणाली, "कुछ छूटा तो नहीं?"

"भाकरी कहाँ है? आधा महाराष्ट्र तो छूट गया." हे मी मुलांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"मिस, आमच्या घरी भाकरी नाही बनत," गौरी म्हणाली.

"आमच्याकडे रोज बनायची. दोन्ही वेळा."

श्वेताचा चेहरा पडेल असं मला वाटलं. तिने एक रिकामं कागदी ताट उचललं, टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि यावर काय लिहायचं, ते मुलांनाच विचारलं. मुलांनी सांगितलं, गौरीने लिहिलं: "भाकरी कैसी होती है? सुनंदा मिस से पूछना है."

मॅडम आधी माझ्याकडे आल्या. माझ्या मुलांनी न अडखळता सगळं सांगितलं, बकऱ्यांचंसुद्धा. मॅडमनी व्हेरी गुड म्हटलं आणि पुढे गेल्या. श्वेताच्या टेबलावरच्या रिकाम्या ताटापाशी त्या थांबल्या. हे रिकामं का, असं विचारल्याबरोबर मुलं एकमेकांना ढकलत बोलायला लागली. भाकरी गोड असते का, रोज खातात तर कंटाळा येत नाही का, आणि गौरी मराठी असून तिच्याकडे का नाही? मॅडम बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. मी माझ्या टबाशेजारी उभी राहून बघत होते.

सोमवारी लायब्ररी श्वेताला मिळाली. मॅडमनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं, "उस टेबल में जान तो आपकी बात से आई." हे त्यांनी कौतुकाने सांगितलं.

पुढे श्वेताचा वर्ग खरोखर माझ्याकडे आला. गावाहून आणलेलं ज्वारीचं पीठ घेऊन मी कॅन्टीनमध्ये भाकरी थापून दाखवली. गौरीची भाकरी तव्यावर टाकताना फाटली, तरी तिने ती संपवली आणि आत्यासाठी एक मागून नेली. श्वेताने दोन खाल्ल्या. मला तेही फारसं आवडलं नाही.

लायब्ररीत मी रोज जाते. श्वेता खुर्ची देते, नवीन पुस्तकं आधी मला दाखवते. मी वाचते आणि कपाटं मी कशी लावली असती, त्याचा विचार करते.

नव्या शिक्षिकांना मी दोन गोष्टी सांगते. मुलांच्या टेबलावर एखादी गोष्ट अर्धवट राहू द्या, म्हणजे ती विचारायला लागतात. आणि दुसऱ्या शिक्षिकेच्या टेबलावर काय राहिलंय ते दिसलं, तर प्रिन्सिपल मॅडम बघून गेल्यावर सांगा.