खांबाआडून हसवणारे बिराजदार

शिवयोगी बिराजदारांना सोलापुरात नावानं फारसं कोणी ओळखत नसे. ‘खांबाआडून’वाले म्हटलं की पानवालाही आधी हसायचा, मग पान लावायचा. नगरसेवकांच्या सभागृहात पत्रकारांचा एक बाक खांबामागे होता. तिथून महापौर दिसत नसत, म्हणून तो कुणाला नको असे. बिराजदारांनी तो मागून घेतला आणि एकतीस वर्षं सोडला नाही. कोण काय बोललं हे बाकीचे टिपून घेत. बिराजदार टिपत, कुणाचे हात काय करत होते ते. अर्थसंकल्पाच्या चर्चेत भजी कुणी रुमालात बांधली, शोकप्रस्तावाला उभं राहून मोबाइल कुणी चाळला, असलं सगळं दुसऱ्या दिवशी त्यांच्या ‘खांबाआडून’ या सदरात. लोक पेपर शेवटच्या पानापासून वाचायला लागले.

त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे हिंदुराव कादे. हे नगरसेवक सभेत घोरत, आणि मतदान आलं की झोपेतच हात वर करत. बिराजदारांनी त्यांना वीस वर्षं सोलून काढलं. हिंदुरावांनी काय करावं? कात्रणं फ्रेम करून संपर्क कार्यालयात लावली. वर सकाळी फोन, की लई झोडलंत, असंच चालू द्या. बिराजदारांना वाटे, गडी खिलाडू आहे. दर निवडणुकीला हिंदुरावांची मतं वाढत गेली तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. ज्याला गाव हसतं त्याच्यावर गाव चिडत नाही, एवढी साधी गोष्ट इतक्या शहाण्या माणसाला कळू नये, याला काय म्हणावं.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या शमशादनं त्यांच्या हातात एक बाटली आणून दिली. नळाचं पाणी होतं, चहाच्या रंगाचं. पाचव्या दिवशी नळ येतो आणि येताना गटार घेऊन येतो, असं ती सांगत होती. गल्लीत चौघांना कावीळ झाली होती. तिची मुलगी समरा, सहावीतली, तापानं अंथरुणाला खिळली होती.

“तुमचं सगळी वाचत्यात, अण्णा. येवढं लिवा,” ती म्हणाली. बिराजदारांनी शब्द दिला.

पुढच्याच सभेत त्या पाण्याचा विषय निघाला. पाचच मिनिटांत तो पुढच्या सभेवर ढकलायचं ठरलं, आणि सगळ्यांत आधी वर गेला तो घोरणाऱ्या हिंदुरावांचा हात. गल्ली त्यांच्याच प्रभागातली होती. बिराजदारांनी त्या दिवशी आयुष्यातलं सगळ्यात झकास सदर लिहिलं. शेवटी एक ओळ होती, की त्या गल्लीत चार जण काविळीनं पडले आहेत. पण त्या ओळीपाशी हसू जागच्या जागी मरत होतं. दोनदा वाचून त्यांनी ती काढून टाकली. संपादकानं सांगितलं नव्हतं, कुणाचा दबाव नव्हता. शेवट चांगला व्हावा, एवढाच त्यांचा लोभ होता.

सदर शहरभर गाजलं. समरा अकराव्या दिवशी गेली.

शमशाद त्यांना एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. बिराजदारांनी नंतरही सदर लिहिलं, लोक हसलेही, पण त्यांना स्वतःची किळस येऊ लागली होती.

यंदा सदरांचं पुस्तक निघालं. प्रकाशन आणि सत्कार हिंदुरावांनीच ठेवला, गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या निधीतून बांधलेल्या समाजमंदिरात. बायको गिरिजाबाई म्हणाल्या, जाऊ नका. बिराजदार म्हणाले, जाणार, आणि काढलेली ती ओळ तिथंच सगळ्यांपुढे वाचणार. शमशादचं एवढं तरी देणं फेडायचं होतं.

फेटा झाला, शाल झाली, श्रीफळ झालं. मग त्यांनी माइकपुढे उभं राहून पिशवीतून बाटली काढली. सकाळीच त्याच नळाखाली भरलेली, रंग तोच.

“हे तुमच्या प्रभागातलं पाणी,” ते हिंदुरावांना म्हणाले. “प्या.”

हशा पिकला. मी थट्टा करत नाही, असं ते म्हणाले, तर लोक जास्तच हसले. एकतीस वर्षं त्यांनी थट्टाच तर केली होती. त्यांनी खिशातून कागद काढला, चार जणांची ओळ वाचली आणि समराचं नाव घेतलं. नेमक्या त्याच वेळी हिंदुरावांनी खुर्चीत डोळे मिटले, मान टाकली आणि सावकाश हात वर केला, अगदी सदरात लिहिल्यासारखा. शिट्ट्या वाजल्या. लोक उठून टाळ्या पिटू लागले. त्या गदारोळात बिराजदारांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते.

कार्यक्रम आटोपताच ते फेट्यासकट शमशादच्या दारात गेले. ती उंबऱ्याशी बसून पाणी फडक्यानं गाळत होती.

“आज सगळ्यांसमोर सांगितलं मी. समराचं,” ते म्हणाले.

शमशादनं फडकं पिळलं.

“व्हय, अण्णा,” ती म्हणाली. “हसनं हितपतोर आलं.”